पिठात हात आपला, गल्ल्यावर कुणाचा?

बारावीचा निकाल लागला, की आपल्या तालुक्याच्या गावांत घरोघरी एकच विषय सुरू होतो. मुलीनं पुढं काय करायचं? नर्सिंग, डी.एड., बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, मार्क चांगले असतील तर इंजिनीअरिंग. आई-बाबा, काका, मामा, शेजारचे गुरुजी, सगळे आपापलं मत देऊन मोकळे होतात. अशा वेळी एखाद्या मुलीनं धीर करून म्हटलंच, की 'मला मार्केटिंगमध्ये जायचंय', तर घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. आजी विचारते, 'म्हणजे काय गं, दारोदार साबण विकत फिरणार?' वडील म्हणतात, 'त्यात शिकायचंय काय? तोंड चालवता आलं की झालं.' आणि आई? आई काहीच बोलत नाही. तिच्या डोळ्यांपुढं मुलीसाठी येणारी स्थळं असतात.

आजीचा तरी काय दोष? भर दुपारी जरा डोळा लागला, की दार वाजवणारा, खांद्यावर जड बॅग घेतलेला एखादा पोरगा किंवा पोरगी, हेच मार्केटिंगचं रूप आपण पाहिलेलं असतं. साखळीही न काढता आपण 'नको' म्हणतो नि दार लावून घेतो. पण तेवढ्यावरून आपण एका अख्ख्या क्षेत्राकडे पाहून नाक मुरडलं आणि त्यात स्वतःचंच नुकसान करून घेतलं, असं माझं मत आहे. मुलींचं नुकसान तर झालंच, पण त्याहून जास्त झालं ते घरी बसून काही ना काही करून विकणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचं.

कसं, ते साध्या हिशेबानं पाहू.

उन्हाळ्यात कुठल्याही गल्लीत जा. गच्चीवर, अंगणात, ओट्यावर पापड, कुरडया, शेवया, सांडगे वाळत असतात. दिवाळीच्या आधी महिनाभर चकलीची भाजणी, चिवडा, अनारशाचं पीठ यांचा घमघमाट असतो. बचत गटांच्या कामानं माझं बऱ्याच गावांत जाणं होतं. बायकांनी केलेला माल पाहिला, की जीव हरखतो. ती चव शहरातल्या झगमगाटी दुकानात मिळणार नाही. पण 'ताई, हे कितीला देता?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'तुम्ही द्याल ते द्या.' या चार शब्दांत आपला सगळा तोटा भरलेला आहे.

समजा, एक किलो उडदाचे पापड केले. डाळ, पापडखार, मिरी, हिंग, तेल, पिशवी असा सगळा मिळून खर्च आला १६० रुपये. दुकानदारानं ते २०० रुपयांना घेतले. ताईला वाटलं, चाळीस रुपये सुटले. पण पीठ भिजवणं, कुटणं, लाट्या करणं, लाटणं, वाळवणं यात तिचे चार तास गेले, ते कुणी धरलेच नाहीत. म्हणजे तासाला दहा रुपये पडले. त्याऐवजी ती रोजानं खुरपायला गेली असती, तरी याहून जास्त मिळाले असते. तेच पापड दुकानदारानं ३०० रुपयांना विकले. करणारीला चाळीस आणि विकणाऱ्याला शंभर! आकडे गावागणिक कमीजास्त होतील, पण हिशेबाची तऱ्हा सगळीकडे हीच.

यावर लगेच दुकानदाराला लुटारू ठरवायची घाई नको. त्याला दुकानाचं भाडं आहे, वीजबिल आहे. माल पडून राहिला, त्याला वास आला, तर नुकसान त्याचं. कोणत्या गिऱ्हाइकाला काय लागतं, कोण उधारी बुडवतं, लग्नसराईत कशाला मागणी येते, हे त्याला तोंडपाठ असतं. म्हणजे तो काम करतोच आहे. फक्त त्या कामाला आपण काम समजत नाही. आपल्या मनात पक्कं बसलंय, की कष्ट म्हणजे लाटणं, कांडणं, दळणं. विचार करणं, किंमत ठरवणं, गिऱ्हाईक शोधणं, त्याला टिकवणं हे काही कष्ट नव्हेत. आणि मैत्रिणींनो, ज्या कामाला आपण कामच मानत नाही, त्याचेच पैसे आपल्या हातून निसटून जातात. त्या कामाचं नाव मार्केटिंग.

मराठीत याला 'विपणन' असा भारदस्त शब्द आहे, पण तो पुस्तकाबाहेर कुणी वापरत नाही. आपण मार्केटिंगच म्हणू. मार्केटिंग म्हणजे नुसतं विकणं नव्हे. माल तयार झाल्यावर तो खपवायला निघणं ही विक्री झाली. माल करायला घेण्याच्या आधीच 'हे कुणाला हवंय?' असं विचारणं, तिथं मार्केटिंग सुरू होतं. जेरोम मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६० साली या शास्त्राची चार खांबांवर मांडणी केली. वस्तू कोणती, किंमत किती, मिळणार कुठं आणि लोकांना कळणार कसं? जगभरच्या कॉलेजांत आजही पहिला धडा हाच असतो. पुढं फिलिप कोटलर यांचं १९६७ साली आलेलं जाडजूड पुस्तक या विषयाची पोथीच झालं.

पण हे चार प्रश्न आपल्याला अनोळखी आहेत का? आठवडी बाजारातली भाजीवाली मावशी बघा. मेथीच्या जुड्या ती मुळं आत, पानं बाहेर अशा रचते, वर पाण्याचा शिपका मारते. सकाळी एक भाव सांगते, संध्याकाळी बाजार उठताना दुसरा. बसायला जागा अशी धरते, की बसमधून उतरणारा माणूस आधी तिच्यापाशी यावा. आणि पैसे घेताना दोन काड्या कोथिंबिरीच्या पिशवीत टाकते. त्या दोन काड्यांसाठी आपण वर्षानुवर्षं तिच्याकडेच जातो. चारही खांब तिच्या टोपलीत आहेत. तिनं पुस्तक वाचलेलं नाही, एवढंच.

आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. या म्हणीनं बरंच नुकसान केलंय, असं मला वाटतं. त्यामुळे मार्केटिंग म्हणजे गोड बोलून माती गळ्यात मारणं, असा समज झाला. माती एकदाच विकली जाते. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक फिरकत नाही. जे धंदे वर्षानुवर्षं टिकले, ते बोलण्यापेक्षा ऐकण्यावर टिकले. समोरच्याची अडचण ऐकणं, हीच या कामाची खरी विद्या.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा यांच्याकडून उसने घेतलेले. ही गोष्ट आपण 'बायकांचे कष्ट' म्हणून नेहमी सांगतो. पण पापड तर तेव्हाही घरोघरी लाटले जात होते. मग याच सातजणी पुढं कशा गेल्या? सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, हलके जरा स्वस्त विकायच्या. छगनबाप्पांनी सल्ला दिला, की प्रत एकच ठेवा आणि ती कधी खाली येऊ देऊ नका. आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस असो नसो, दुकानात माल वेळेवर पोचला. १९६२ साली नाव ठरवायचं झालं, तर बायकांमध्येच स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं पाच रुपये, आणि त्यातून 'लिज्जत' हे नाव निघालं. एकच प्रत, बारमाही पुरवठा, स्वतःचं नाव. यातलं लाटणं किती आणि मार्केटिंग किती, ते तुम्हीच ठरवा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती नुसत्या लाटण्याला मिळाली असं मला वाटत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या पिढीच्या आठवणीतलं. दूरदर्शनवरच्या ललिताजी आठवतात? निळ्या काठाची पांढरी साडी, ठसठशीत कुंकू, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, पण पावडर मात्र सर्फच घेणाऱ्या. त्या जाहिरातीमागं मोठी लढाई होती. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या घरी धुण्याची पावडर करून, सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. किंमत सर्फच्या कितीतरी खाली. बघता बघता ती घरोघरी पोचली आणि बड्या कंपनीचे धाबे दणाणले. स्वस्तापुढं महाग वस्तू कशी विकायची? जाहिरातकार अलेक पदमसी यांना उत्तर सापडलं ते एका गृहिणीच्या स्वभावात. ललिताजी आपल्याला आपल्या आईवरून सुचल्या, असं ते सांगत. पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई स्वस्त आणि किफायतशीर यातला फरक बरोबर ओळखते, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. कविता चौधरींनी ती भूमिका अशी केली, की २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा लोकांनी पहिली आठवण काढली ती ललिताजींचीच.

मला यात गंमत वाटते ती ही, की सायकलवरचा माणूस काय आणि मुंबईतला जाहिरातकार काय, दोघांनीही अभ्यास केला तो आपला. बाईचा. तिच्या पाकिटाचा, तिच्या मोरीचा, तिच्या मनाचा. शाम्पूच्या छोट्या पुडीचंही तेच. शंभर-दोनशे रुपयांची बाटली महिन्याच्या किराण्यात बसत नाही, पण सणावाराला एक पुडी परवडते, हे तामिळनाडूतल्या कडलूरच्या एका घरानं ओळखलं. त्या घरातल्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर 'चिक' शाम्पू सुरू केला. खेड्यांत जाऊन शाळकरी पोरांचे केस धुऊन दाखवले आणि शाम्पू काय असतो ते लोकांना पटवलं. आज कुठल्याही टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा पाहिल्या, की मला त्या पोरांचे फेसाळलेले केस दिसतात.

आता प्रश्न असा, की ज्यांच्या घराचा, खर्चाचा, सवयींचा इतका अभ्यास होतो, त्या बायका अभ्यास करणाऱ्यांच्या खुर्चीवर का नकोत? कोणत्या घरात तेल लिटरनं येतं आणि कोणत्या घरात पावशेरानं, नागपंचमीला काय लागतं, गौरींच्या वेळी कशाचा खप वाढतो, हे आपल्या गावातल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. मोठ्या शहरात वाढलेल्या मुलाला मात्र ते शिकवावं लागतं. टीव्हीवरच्या कितीतरी मराठी जाहिराती ऐकताना कळतं, की मूळ हिंदीवरून शब्दाला शब्द लावलेत. तिथं आपल्या भाषेत विचार करणारं कुणी बसलेलं नसतं.

म्हणून मुलींच्या शिक्षणाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते. मार्केटिंगमध्ये जायला शास्त्र किंवा वाणिज्य शाखाच हवी, असं काही नाही. बारावीनंतर बीबीए, बीएमएससारखे अभ्यासक्रम आहेत. २०२४ पासून महाराष्ट्रात त्यांनाही सीईटी लागू झाली, तेव्हा फॉर्मच्या तारखांकडे लक्ष ठेवा. एमबीएची सीईटी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, अगदी बी.ए. झालेल्या मुलीलाही. आयआयएमसाठी 'कॅट' परीक्षा असते, आणि आता आपल्या राज्यातच नागपूर आणि मुंबई अशा दोन आयआयएम आहेत. खेड्यापाड्यांशी निगडित काम करायची आवड असेल, तर आणंदची १९७९ सालची 'इर्मा' आहे, २०२५ मध्ये तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. शेतमालाच्या बाजारासाठी जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था आहे, जाहिरात आणि संवादासाठी अहमदाबादची 'मायका'. घर सोडून जाणं शक्य नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. संसारात अडकलेल्या तिशी-पस्तिशीच्या बाईलाही ते करता येतात.

आणि शिकून कामं कोणती? नुसतं बॅग घेऊन फिरणं नव्हे. बाजाराची पाहणी करून लोकांना काय हवंय ते शोधणं, जाहिरातीचा मजकूर लिहिणं, एखाद्या ब्रँडची वर्षभराची आखणी करणं, बियाणं-खतांच्या किंवा औषधांच्या कंपनीचा प्रांत सांभाळणं, मोठ्या दुकानांची मांडणी ठरवणं, इंटरनेटवरून माल विकणाऱ्यांची पानं आणि जाहिराती चालवणं. यातली काही कामं तर आता आपल्या गावात बसून, एका संगणकावर करता येतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मराठी शिकलेल्या मुलींना 'बी.ए. करून काय होणार' असं हिणवलं जातं. माणसाचं मन आणि भाषा कळणं, हेच तर इथं भांडवल आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवून मी मुलींना पुढं ढकलणार नाही. या क्षेत्रात टार्गेट नावाचं भूत मानेवर बसतं. महिनाअखेर जवळ आली, की झोप उडते. सुरुवातीची एक-दोन वर्षं बहुतेकांना उन्हातान्हात फिरावंच लागतं, कलेक्टरच्या पोरालाही आणि शिपायाच्या पोरीलाही. एकटीनं प्रवास असतो, अनोळखी पुरुषांशी बोलणं असतं. आईची काळजी खोटी नाही. मात्र काळजीवरचा उपाय मुलीला घरी बसवणं हा नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहन, सगळं त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. नोकरी घेताना पगार जसा विचारतो, तसं 'समिती आहे का, रात्रीच्या प्रवासाची सोय काय' हेही मुलीनं विचारावं. आणि ते विचारायला तिला आईनंच शिकवावं.

दुसरा धोका आपल्या स्वतःच्या दारातला आहे. मार्केटिंगच्या नावाखाली चालणाऱ्या साखळी योजना. हळदीकुंकवाला, भिशीला एखादी ओळखीची बाई येते. 'आधी एवढे पैसे भर, मग पाच मैत्रिणी जोड, त्या प्रत्येकी पाच जोडतील, घरबसल्या पैसा येत राहील.' अहो, गुणाकार करून बघा की! पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे, मग ६२५, ३१२५, १५,६२५ आणि सातव्या पायरीला ७८,१२५. पन्नास हजार वस्तीच्या गावात सातव्या पायरीला माणसंच उरत नाहीत. म्हणजे शेवटी जोडल्या गेलेल्या हजारोंचे पैसे बुडणारच. बुडतात ते पैसेही नवऱ्याला न सांगता साठवलेले, आणि सोबत मैत्रीही जाते. हे मार्केटिंग नव्हे. माणसं जोडल्याबद्दल पैसे देणाऱ्या अशा पिरॅमिड योजनांना डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी मनाई केली आहे. चांगल्या थेट विक्री कंपनीलाही नाव नोंदवायचे पैसे घेता येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. माल विकून पैसे मिळतात, की माणसं जोडून? उत्तर 'माणसं जोडून' असेल, तर हात जोडून दार लावा. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट सचोटीची. याच क्षेत्रानं आपल्या सावळ्या मुलींना वर्षानुवर्षं सांगितलं, की गोरी झालीस तरच नोकरी, तरच नवरा. एका मोठ्या कंपनीच्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडावं लागलं. अशा जाहिराती ज्या खोल्यांत ठरतात, तिथं आपल्या घरांतल्या मुली बसल्या, तर कुणीतरी 'हे बरोबर नाही' म्हणण्याची शक्यता तरी वाढेल. बाई आहे म्हणून ती आपोआप चांगलंच वागेल असं नाही, पण जिनं हे टोमणे खाल्लेत, तिला त्याची धग ठाऊक असते.

आता परत आपल्या पापडांकडे येते, कारण सगळ्याच जणी काही एमबीए करणार नाहीत. पण दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या कमलताई परदेशींनी कुठं एमबीए केलं होतं? शेतमजुरी करणाऱ्या या बाईंनी बचत गटाच्या मैत्रिणींना सोबत घेऊन अंबिका मसाले उभे केले आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांपर्यंत नेले. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, पण वाट दाखवून गेल्या. सोलापूरकडच्या बायकांची कडक भाकरी आणि शेंगाचटणीही तशीच. घरातली रोजची वस्तू, पण ती टिकते, प्रवासात चालते, परगावी राहणाऱ्या मुलांना पाठवता येते, हे ओळखलं आणि तिचा धंदा झाला.

तेव्हा प्रत्येक गटाला माझं सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर अर्धा तास फक्त बाजारावर बोला. किंमत ठरवताना स्वतःची मजुरी आधी धरा, मग नफा. 'तुम्ही द्याल ते द्या' हे वाक्य गटात बंद करा. सगळ्या जणींनी मिळून एकच प्रत ठरवा. एकीचा पापड जाड नि दुसरीचा पातळ असेल, तर गिऱ्हाईक दोघींनाही सोडतं. खाण्याच्या वस्तूची अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. पाकिटावर नाव, वजन, किंमत, तारीख, घटक आणि फोन नंबर छापा. ज्याच्या पाकिटावर नाव नाही, त्याची चव कितीही लक्षात राहिली, तरी गिऱ्हाईक परत येणार कुठं? ज्यांनी एकदा माल घेतला, त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा आणि सणाच्या पंधरा दिवस आधी त्यांना निरोप धाडा. गटातली एखादी बोलकी, हिशेबी बाई फक्त विक्रीसाठी नेमा. तिनं पोळपाट-लाटण्याला हात लावला नाही, तरी तिला तितकीच मजुरी द्या. 'ती तर नुसती फिरते' असं म्हणू नका. प्रशिक्षणासाठी माविम आहे, उमेद आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथं शिवणकाम, मसाले शिकायला आपण जातोच. यावेळी विक्री शिकवा म्हणून मागणी करा.

गटात जी बाई विकते तिला आपण मान दिला, तरच घरातली मुलगी 'मला मार्केटिंग करायचंय' असं म्हणेल तेव्हा तिलाही मान मिळेल. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. वस्तू करणं कष्टाचं आणि विकणं हलकं, ही समजूत आपणच जपली आणि तिची किंमतही आपणच मोजली. शिक्षिका, नर्स, बँकेतली बाई या सगळ्यांना पहिल्यांदा गावानं नावं ठेवलीच होती. आज त्याच स्थळांची आपण चौकशी करतो. मार्केटिंगवालीचीही एक दिवस होईल. तोवर निदान तिच्या घरातून तरी तिला 'साबण विकणार का' असं कुणी विचारू नये. आणि विचारलंच कुणी, तर आईनं उत्तर द्यावं, 'हो, विकेल. आणि कितीला विकायचा, तेही तीच ठरवेल.'